चांगुलपणाचे सात डबे

नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी, दूधवालाही यायचा होता तेव्हा, भगवानराव गावंडे यांनी चैतन्य कॉलनीतल्या सात घरांच्या ओट्यांवर सात डबे ठेवले आणि घरी येऊन कानटोपीसकट परत पांघरुणात शिरले. अपराध म्हणाल तर एवढाच. त्यांनी कोणाचं काही उचललं नाही, उलट ठेवलं. पण उचलणारा माणूस जगाला कळतो, ठेवणारा कळत नाही, हे त्यांना एकसष्ट वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्याला कारण पुण्याची लेक, अपेक्षा. तिनं आदल्या दिवशी फोन केला.

"बाबा, यंदा संकल्प-बिंकल्प मोठा करू नका. मागच्या वर्षी सूर्यनमस्कार घातले आणि पंधरा दिवस वाकून चालत होतात. हळूच सुरुवात करा. लोकांशी प्रेमानं वागा, नाती जोडा आणि स्वतःत थोडी वाढ करा."

"एकसष्टाव्या वर्षी काय वाढू मी?"

"मनानं हो, बाबा. आणि हे बघा, चांगलं काम केलं तर नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की ती जाहिरात होते."

भगवानराव एसटीत तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. अशा माणसाच्या हाती काहीही द्या, तो आधी त्याचं वेळापत्रक करतो. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: पाच वाजून दहा मिनिटांनी चांगुलपणा, विनाथांबा. सहा वाजता मनाची वाढ. सहा वीसला चहा. मनाला वाढायला वीस मिनिटं पुरतात की नाही याबद्दल त्यांना शंका होती, पण चहा पुढे ढकलणं शक्य नव्हतं.

चांगुलपणा म्हणजे नेमकं काय करायचं, हे लेकीनं सांगितलं नव्हतं. घरात विमलताई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. निदान काय करायचं नाही ते तरी नक्कीच. पण विमलताई भावजयीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घाटंजीला गेल्या होत्या, त्या रविवारी येणार होत्या. भगवानरावांनी विचार केला, थंडीचे दिवस आहेत, तिळाचे लाडू करू. माणसानं लाखो गाड्या वेळेवर सोडल्या, त्याला लाडू काय अवघड आहेत?

अवघड निघाले. गूळ कढईत आधी वितळला, मग उकळला, मग रागावला. पाकाचा रंग डांबराच्या दिशेनं निघाला तेव्हा भगवानरावांनी घाईघाईनं तीळ ओतले आणि हात पोळत पस्तीस लाडू वळले. त्यातला एक हातातून सुटून फरशीवर पडला. फरशीला तडा गेला, लाडवाला ओरखडा नाही. ती फरशी अजून तशीच आहे, खोटं वाटत असेल त्यानं जाऊन पाहावी.

आता लाडू ठेवायचे कशात? प्लास्टिक वापरू नका, असं लेकीचं जुनं बजावणं होतं. खालचे डबे डाळतांदळांनी भरलेले. मग त्यांचं लक्ष स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीकडे गेलं. तिथं कड्यांचे, झाकणांचे सात डबे ओळीनं बसलेले होते. ती विमलताईंची लग्नातली भांडी. चौतीस वर्षांत त्यांत कधी काही शिजलं नव्हतं, ठेवलं नव्हतं. विमलताईंच्या मते वापरायची भांडी वेगळी आणि भांडी वेगळी. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. कोणी दारव्ह्याचे मामा, कोणी नेरची काकू, आणि सर्वांत मोठ्या डब्यावर 'सौ. प्रभावती मारोती ढोले, लोहारा, यवतमाळ, यांजकडून सप्रेम भेट.'

या प्रभावतीबाई म्हणजे विमलताईंची सख्खी थोरली बहीण. राहायला याच गावात, स्कूटरनं पंधरा मिनिटांवर. पण नऊ वर्षांपूर्वी राजूरला प्रभावतीबाईंच्या मुलाचं लग्न झालं, त्याचा अल्बम आला, आणि घरच्या माणसांच्या फोटोत विमलताईंचं नुसतं कोपर आलं. विमलताई म्हणाल्या, मुद्दाम कापलं. प्रभावतीबाई म्हणाल्या, तूच बाजूला उभी होतीस. तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही, बोलणं नाही. थोरल्या बहिणीचं म्हणून त्या घरात जे काही उरलं होतं, तो हा एक डबा. भगवानरावांना हे सगळं ठाऊक होतं. पण पहाटे पाचला, बोटं पोळलेली असताना, माणसाला डबा दिसतो, नातं दिसत नाही.

सकाळी सात वाजता कॉलनीत किंकाळी उठली. समोरच्या मानीबाई राठोड दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या ओट्यावर डबा होता.

"याडी, माय! कोनं ठेवलं वो हे? पुनव आली तोंडावर, अन् माह्या दारात उतारा!"

उतारा म्हणजे कोणाच्या अंगावरची पीडा ओवाळून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची. लाडू काळे नसते तर कदाचित तो संशय आला नसता. मानीबाईंनी झाडूच्या दांड्यानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि दोन पावलं मागे सरल्या. तोवर आणखी पाच घरांतून ओरडा झाला होता. कोणी डब्याभोवती मिठाचं रिंगण केलं, कोणी वर लिंबू पिळलं. कॉलनीतल्या भुऱ्या कुत्र्यानं एक लाडू पळवला, तो मात्र संध्याकाळपर्यंत दातांत अडकून बसला. त्या दिवशी कुत्रा कोणावर भुंकला नाही, त्यामुळे मानीबाईंची खात्रीच पटली.

भगवानराव मफलर गुंडाळून बाहेर आले. त्यांना वाटलं होतं, लोक ओट्यावर डबा बघतील, डोळ्यांत पाणी आणतील आणि 'जगात अजून माणुसकी आहे' असं काही म्हणतील. आता त्यांच्यापुढे पेच पडला. नाव सांगितलं तर चांगुलपणाची जाहिरात होते, असं लेक म्हणाली होती. आणि नाव सांगितलं तर भगवानराव गावंडे करणी करतो, असं सगळं यवतमाळ म्हणेल. दोन्ही बाजूंनी विचार करून त्यांनी मफलरचा आणखी एक वेढा तोंडावरून घेतला.

मानीबाईंचे यजमान रूपसिंग राठोड हे निवृत्त तलाठी आणि कॉलनीचे अध्यक्ष. नोकरी सुटली तरी त्यांची लेखणी सुटली नव्हती. त्यांनी सगळे डबे आपल्या ओट्यावर मांडले, खुर्ची घेतली आणि पंचनामा सुरू केला.

"डबा क्रमांक एक. स्टेनलेस, कडीचा. उघडला असता आत काळे गोळे, नग पाच. गोळ्याचा उद्देश अज्ञात." त्यांनी मान वर केली. "भगवानभाऊ, या इकडे. पंच पाहिजे. तुमी सरकारी मानूस होते, तुमची सही वजनदार."

अशा रीतीनं भगवानरावांनी स्वतःच्या घरच्या भांड्यांच्या जप्तीवर पंच म्हणून सही केली. तेहतीस वर्षांत इतक्या सुबक अक्षरात त्यांनी सही केली नव्हती. मनात चोरी असली की अक्षर चांगलं येतं, हे एक नवीनच कळलं. कॅलेंडरवरच्या 'मनाची वाढ' या रकान्यात ते मोजता येईल का, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"सहा डबे, सहा नावं," रूपसिंग म्हणाले. "दारव्हा, नेर, पांढरकवडा. टोळी जिल्हाभर पसरून राह्यली, भाऊ."

"सहाच?" भगवानराव म्हणाले.

"तुमाले किती पाहिजेत?"

"नाई, सहज. सहा म्हणजे गंज झाले, पुष्कळ झाले."

सातवा डबा संघदीप भगत यांच्या ओट्यावर ठेवला होता. संघदीप पोस्टमन. ते सकाळीच कामावर गेले होते आणि त्यांच्या ओट्यावर काही नव्हतं. भगवानरावांनी मनातल्या मनात डबे मोजले, आणि सातवा प्रभावतीबाईंचा हे आठवलं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजले.

दुपारी विमलताईंचा फोन आला. "वहिनीचा डोळा ठीक हाये. मी उद्याच येते, चारच्या गाडीनं. घर जागेवर हाये ना?"

"घर जागेवर हाये," भगवानराव म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत.

शुक्रवारी सकाळी ते रूपसिंगांकडे गेले, त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सगळं कबूल केलं. रूपसिंगांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"भगवानभाऊ, राग मानू नका. पंधरा वर्षांचे शेजारी हावो आपन. तुमी कोनाचं वाईट करत नाई, हे मी कुठंबी लिहून देतो. पन पहाटे उठून लोकाइले लाडू? तुमच्यानं नाई होत थे."

"अहो, मीच केले!"

"मंग डब्यावर तुमचं नाव काहून नाई? मालकी दाखवा. नाव दारव्ह्याच्या गणपतरावांचं. त्यांची ना-हरकत आना."

"थे मामा मयत हायेत."

"मयत? मंग वारस लावा लागन."

"रूपसिंगभाऊ, बायको चार वाजता येऊन राह्यली हो!"

या वाक्यानं मात्र रूपसिंगांचा चेहरा बदलला. कायद्यापेक्षा वरचं काही असतं, हे त्यांनाही मान्य होतं. ते म्हणाले, "एक करा. तुमचे असन, तर पंचासमोर एक खाऊन दाखवा. करनीचं असन तर कोनी सोता खात नाई."

भगवानरावांनी लाडू उचलला. ज्याच्या एका घोषणेवर अख्खा फलाट उठून उभा राहायचा, तो माणूस मानीबाईंच्या देखत लाडवाला दात लावून उभा राहिला. पहिल्या प्रयत्नात काही झालं नाही. दुसऱ्या प्रयत्नात कट्ट असा आवाज आला, पण तो लाडवाचा नव्हता. तिसऱ्या प्रयत्नात डोळ्यांतून पाणी आलं आणि एक तुकडा आत गेला. रूपसिंगांनी दोन मिनिटं घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: 'पंचासमक्ष गोळा भक्षण केला. इसम जिवंत. डबे सहा ताब्यात दिले.'

"माह्यं नाव कोनाले सांगू नका," भगवानराव गाल धरून म्हणाले.

"राम राम राम, मी कायले सांगू?" रूपसिंग म्हणाले, आणि पाच मिनिटांत कॉलनीच्या ग्रुपवर लिहून मोकळे झाले: 'डबे भगवानभाऊंनी प्रेमाने ठेवले होते. त्यांचे नाव गुप्त ठेवावे.'

सहा डबे फळीवर चढले. आता सातवा. संघदीप कामावर निघण्याच्या तयारीत, सायकलला पिशवी अडकवत होते.

"संघदीपभाऊ, तुमच्या ओट्यावर काल एक डबा..."

"पोचवला ना, भाऊ!" संघदीप आनंदानं म्हणाले. "त्यावर नाव होतं, लोहारा होतं. लोहाऱ्याची टपालाची बीट माह्याकडेच हाये. म्हणलं, कोनी चुकून इथं ठेवला असन. एकवीस वर्षं झाली, ज्याचं नाव त्याच्याच हाती माल. ढोलेबाईच्या हातात देला. सही बी घेतली."

"काही म्हणाल्या काय त्या?"

"पयले नाव वाचलं. मंग इचारलं, कुठून आला? म्हणलं, गावंडेभाऊच्या कॉलनीतून. मंग खालीच बसल्या."

भगवानरावही खाली बसले असते, पण वेळ नव्हता. त्यांनी स्कूटर काढली.

लोहाऱ्याला त्यांचे साडू, मारोतराव ढोले, फाटकातच उभे होते. गरीब स्वभावाचा माणूस. आयुष्यभर त्यांनी बायकोच्या वाक्याला फक्त शेपूट जोडलं होतं.

"या, साडभाऊ. नऊ वर्षांनी आले," ते कुजबुजले. "आत जरा जपून. कालपासून जेवली नाई."

बैठकीत प्रभावतीबाई सतरंजीवर बसल्या होत्या. समोर डबा. आरतीचं ताट असावं तसा मधोमध ठेवलेला. त्यांनी भगवानरावांकडे पाहिलं, बसा म्हटलं नाही.

"भगवानराव, मले एक सांगा. लग्नात देलेलं भांडं वापस करनं म्हणजे काय असते?"

भगवानराव घुटमळले. "नातं तोडनं."

"बरं. अन् भांडं भरून पाठवनं म्हणजे?"

"मान देनं."

"मंग हे काय हाये? तिनं तोडलं, का मान देला?"

"मानानं तोडलं असन," मारोतराव म्हणाले.

"तुमी चूप बसा!" प्रभावतीबाईंचा आवाज फुटला. "नऊ वर्षं बोलली नाई, चालते. बोलत नाई म्हणजे कधीतरी बोलन. पन भांडं वापस केलं, म्हणजे संपलं. काल दिवसभर मी हेच पाहून राह्यली. तोडाचं होतं तर रिकामं पाठवती. लाडू कायले?"

भगवानरावांनी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर डबा विमलनं परत केला नाही, हे सिद्ध होत होतं. पण लाडूही विमलनं पाठवले नाहीत, हेही सिद्ध होत होतं. एकाच वाक्यात नातं वाचत होतं आणि मान जात होता. लेकीनं नाती जोडायला सांगितली होती, पण नात्याला दोन्हीकडून एकदम ताण बसला तर काय करायचं, ते सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात प्रभावतीबाईंनी डबा उजेडाकडे फिरवला.

"अन् हे पाहा. चौतीस वर्षांचा डबा. एक डाग नाई, एक चरा नाई. आरशावानी. आता वापस द्याचा म्हणून घासला, का विमल दरवर्षी घासते? तुमी त्या घरात राह्यता. सांगा."

भगवानराव खरोखर आठवू लागले. दर दिवाळीला विमलताई स्टुलावर चढत आणि ते खाली स्टूल धरून उभे राहत. वर काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. स्टुलाचा एक पाय लंगडा होता, म्हणून त्यांचं सगळं लक्ष त्या पायावर असे.

"बाई," ते म्हणाले, "देवाशपथ, मले फक्त स्टूल माहीत हाये."

प्रभावतीबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग उठल्या, पदर खोचला आणि डबा काखेत मारला. "चला. तिलेच विचारते. कुठं हाये ती?"

"घाटंजीले. चारच्या गाडीनं येऊन राह्यली."

साडेतीनला प्रभावतीबाई डबा धरून स्कूटरवर मागे बसल्या. खड्डा आला की डब्यातले लाडू आतून असे वाजत, की पुढचे सायकलवाले ट्रॅक्टर आला समजून बाजूला होत होते.

चारची गाडी स्टँडवर सव्वाचारला लागली. विमलताई तुरीच्या शेंगांची पिशवी सांभाळत उतरल्या. त्यांना आधी नवरा दिसला नाही, बहीणही दिसली नाही. आधी डबा दिसला.

"हा वरचा डबा खाली कोनं काढला?"

मग वर नजर गेली आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

"म्हणजे तू नाई पाठवला?" प्रभावतीबाई म्हणाल्या.

"मी कायले पाठवू? नऊ वर्षं हा फळीवरून हालला नाई."

"म्हणजे तू वापस नाई केला."

"नाई."

"अन् लाडूबी तू नाई पाठवले."

"कायचे लाडू?"

मागची गाडी हॉर्न देऊ लागली, पण दोघींच्या मधून जायची कोणा प्रवाशाची हिंमत होईना. लोक वळसा घालून जाऊ लागले. भगवानरावांनी पिशवी धरायला हात पुढे केला आणि तो तसाच पुढे राहिला.

"मंग घासते कोन?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"दिवाळीले सारेच घासा लागतात. त्यातला एक काळा ठेवू काय? डब्यानं माह्यं काय वाकडं केलं?"

"पयले घासते का शेवटी?"

"काय?"

"माहा डबा. सातांत कितवा घासते?"

विमलताई गाडीच्या चाकाकडे बघू लागल्या. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, डबल बेल दिली, गाडी हलली, चाक निघून गेलं, तरी त्या तिकडेच बघत होत्या.

"पयला," त्या म्हणाल्या.

प्रभावतीबाईंनी पदरानं नाक पुसलं. त्यांनी डबा उघडून बहिणीपुढे धरला. विमलताईंनी एक लाडू उचलला, वास घेतला, नखानं टोचून पाहिला. नख मागे घेतलं. मग दोघींनी एकाच वेळी मान वळवून भगवानरावांकडे पाहिलं.

"गूळ जाळला," विमलताई म्हणाल्या.

"तीळ भाजलेच नाई," प्रभावतीबाई म्हणाल्या.

"माय वो, अन् हे लोकाइच्या दारात ठेवले?"

"माह्या घरी तर पोस्टानं आले, विमल! मी कालपासून यांच्यापायी उपाशी हावो. मले वाटलं, तुह्या हातची चवच गेली."

"बाई, माह्या हातचा लाडू असा असते काय? आईनं काय शिकवलं होतं आपल्याले? पाक थेंबभर पान्यात टाकून पाहा लागते."

"सांग त्याइले. गावंडे घरान्यात कोनी पानी पाह्यलं असन तवा ना."

"अन् कढई? कढई कोनती घेतली असन यानं? माह्यी बिडाची घेतली असन, बाई!"

"घेतलीच असन!"

भगवानराव मधे काही बोलू गेले. त्यांना सांगायचं होतं की हे सगळं चांगुलपणानं केलं, नाव गुप्त ठेवून केलं, यात एक दातही कामी आला. पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. दोघी बोलत होत्या, नऊ वर्षांचं एकदम, एकमेकींच्या अंगावर रेलून, आणि सगळं त्यांच्याविरुद्ध. आपण आज नातं जोडलं की दोन घरांतली इज्जत घालवली, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.

बोलता बोलता दोघींनी ऑटो थांबवला. डबा मांडीवर घेऊन प्रभावतीबाई बसल्या, त्यांना चिकटून विमलताई. तुरीची पिशवी तेवढी भगवानरावांच्या हातात आली. ऑटो स्टँडच्या फाटकाशी पोचला आणि थांबला. आतून प्रभावतीबाईंचं डोकं बाहेर आलं.

"जावईबापू, येताना दोन किलो गूळ घेऊन या! अन् तुमी बनवाले बसू नका, फक्त घेऊन या!"

"हो, बाई! पन कोनत्या घरी?"

ऑटो वळला होता. तो उजवीकडे लोहाऱ्याला गेला की डावीकडे कॉलनीत, ते मधे आलेल्या गाडीमुळे दिसलं नाही. भगवानरावांनी पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि आधी किराण्याच्या दुकानाकडे निघाले. गूळ तर दोन्ही घरी लागणार होता.